बाळाकाकाची केसांची टोपी

इथे लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीलाच सांगून टाकतात की आपला अशा गोष्टींवर विश्वास नाही. मी गेली चार-पाच वर्षं हे सदर नियमित वाचते, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य आलं की मनात हसते. आता तेच वाक्य मला लिहावं लागतंय. तर — माझा विश्वास नव्हता. आमचं मूळ गाव कुडाळजवळ, तिथे प्रत्येक वळणावर कुणाला तरी काहीतरी दिसलेलं असतं, पण माझे बाबा अशा गप्पा सुरू झाल्या की उठून आंघोळीला जायचे. मी त्यांच्यावर गेले. आजही मला कुणी भूत, पिशाच्च वगैरे सांगायला लागलं तर मी ऐकून घेते आणि विषय बदलते.

माझ्या बाबतीत जे झालं त्यात भूत नाहीच. त्यात आहे एक लोकरीची टोपी. हसू येईल कदाचित... पण पूर्ण वाचा.

मी मुलुंड पूर्वेला, गव्हाणपाड्यात राहते. वय चव्वेचाळीस. एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते. लॉकडाऊनमध्ये आमच्याच मजल्यावरच्या सुमेधामावशींकडून क्रोशा शिकले. मावशी शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवायच्या, आता रिटायर झाल्यात. आधी थालपोस, तोरणं असलं काय काय केलं. मग एका मैत्रिणीच्या मुलीसाठी गंमत म्हणून केसांची टोपी केली. म्हणजे डोक्याला घट्ट बसणारी लोकरीची टोपी, आणि तिला वरून लोकरीचेच केस. दोन वेण्या, पुढे बटा, लाल रिबिनी. शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये ती पोरगी इतकी गोड दिसली की तिथल्या चार आयांनी मला फोन केले. तेव्हापासून ऑर्डरी सुरूच आहेत. राजकन्या, जटावाले ऋषी, कुरळ्या केसांचा जोकर... सगळं करून झालंय.

या टोपीत खरं काम असतं मापाचं. केसांना वजन असतं. टोपी सैल झाली तर वेणी मागे खेचते आणि सगळं कपाळावरून सरकतं, घट्ट झाली तर मूल पाच मिनिटांत काढून फेकतं. म्हणून मी टेप घेऊन स्वतः जाते. कपाळावरून गोल, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि कपाळापासून मानेपर्यंत. तीन मापं. आमच्या घरात माझं वाक्य ठरलेलं आहे, नवरा त्यावरून चिडवतोही — माप नाही तर ऑर्डर नाही.

फक्त एकदा मी माप न घेता टोपी केली. ती बाळाकाकाची.

बाळाकाका म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. राहायला विक्रोळीला, कन्नमवार नगरमध्ये. मी लहानाची मोठी तिथेच झाले, आम्ही आणि काका एकाच बिल्डिंगमध्ये, वर-खाली. काका आधी परळला गिरणीत होता, गिरणी गेल्यावर विक्रोळीतच एका कारखान्यात लागला. त्याला मूलबाळ नाही. आई-बाबा गेल्यावर माझ्या माहेरी उरले ते काका आणि काकी.

गावी असताना काका दशावतारात काम करायचा. स्त्रीपार्ट. वय सतरा-अठरा, खांद्याखाली आलेले स्वतःचे केस, आणि चालणं असं की म्हणे गावातल्या बायका ते बघायला पुढे येऊन बसत. मुंबईला आल्यावर ते सुटलं. पण बिल्डिंगच्या गणपतीत तो एखादा प्रवेश करायचा. नऊवारी नेसायचा, नाकात नथ, केसांचा टोप. मी लहान असताना मला ते फार आवडायचं. त्याच्या निऱ्या मी धरून द्यायचे.

मग मी तेरा वर्षांची झाले. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या दोन मुली गणपती बघायला आल्या होत्या. काकाने राणीचा पार्ट केला. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीतरी फळ्यावर लिहून ठेवलं होतं, ते इथे लिहीत नाही. मी घरी येऊन रडले आणि तशीच खाली काकाकडे गेले. म्हटलं, "तू परत कधी साडी नेसायची नाहीस. माझ्यासमोर तर नाहीच."

काका चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला. "बरा," एवढंच म्हणाला.

आणि खरंच परत कधी नेसला नाही. साडी-नथीची ट्रंक माळ्यावर गेली. बिल्डिंगमधले लोक दरवर्षी आग्रह करायचे, तो म्हणायचा, गुडघे दुखतात. त्यावर आमच्यात कधी एक शब्द झाला नाही. तीस वर्षं झाली.

आता मूळ गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या शेवटी, एका शुक्रवारी लायब्ररीत असताना काकाचा फोन आला. तो शक्यतो दुपारी फोन करत नाही, म्हणून मी जिन्यात जाऊन घेतला.

"बाय, कामात आसस काय गो?"

"बोल ना काका."

"माका एक टोपी होई. तू करतंस तसली. केसांची."

मला वाटलं कुणा लहान मुलासाठी. मी वय विचारलं, तर तो हसायला लागला. "श्यात्तर," म्हणाला. मग हळूहळू सांगितलं. सव्वीस जानेवारीला त्यांच्या बिल्डिंगची सत्यनारायणाची पूजा असते, त्या दिवशी संध्याकाळी म्हाताऱ्यांनी मिळून एक प्रवेश करायचं ठरवलं होतं. राणी काकाच. जुना टोप केव्हाच उंदरांनी खाल्लेला. "डोक्यार एक केस रवलो नाय. लांब वेणी होई, कमरेपर्यंत. मदी भांग. आणि एक गजरो काढ लोकरीचो."

 एवढं सांगून तो थांबला आणि मग त्याने विचारलं, "तुका चालतला मा?"

तीस वर्षांनी त्याने मला विचारलं. परवानगी मागितल्यासारखं. मी म्हटलं, "काहीतरीच काय काका, मस्तच होईल." आवाज शक्य तेवढा उत्साही काढला. पण खोटं कशाला लिहू, मनात आलंच — आता लोक मोबाईलवर व्हिडिओ काढतील, बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकतील, माझ्या चुलत-मावस सगळ्यांकडे फिरेल. तेरा वर्षांची ती मुलगी पूर्णपणे गेली नव्हती.

"मापाक कधी येतंस?" त्याने विचारलं.

"येते. या रविवारी येते."

त्या रविवारी गेले नाही. डिसेंबर म्हणजे शाळांच्या स्नेहसंमेलनाचा महिना, माझ्याकडे अकरा टोप्या होत्या. पुढच्या रविवारीही गेले नाही. गव्हाणपाड्यातून रिक्षाने हायवेने कन्नमवार नगर म्हणजे वीस मिनिटं, ट्रॅफिक असला तर अर्धा तास. काकाचा पुन्हा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "काकीला सांग ना, सुतळीने माप घे आणि मला सेंटिमीटर सांग."

"तिका कायता जमाचा? तू ये मगे. चा पिऊन जा."

"अरे, पुरुषांचं डोकं साधारण बावीस इंच असतं. मी अंदाजाने करते, तू काळजी करू नकोस."

तो "बरा" म्हणाला. तोच "बरा."

डिसेंबरच्या मधल्या एका रविवारी मी काळी लोकर घेऊन बसले. अशी टोपी टाळूपासून सुरू होते. मधोमध एक छोटं वर्तुळ, मग गोल-गोल फिरत जायचं, प्रत्येक फेरीत ठरलेल्या अंतरावर एकेक टाका वाढवायचा. सगळे मुके खांब, म्हणजे सगळ्यात आखूड आणि घट्ट टाका. झोपेतही करेन इतकं सवयीचं. संध्याकाळपर्यंत टोपी झाली. माझ्याकडे थर्माकोलचं एक डोकं आहे, त्यावर चढवली.

डाव्या बाजूला, कानाच्या वर, ती फुगली होती.

म्हणजे टोपी बाकी सगळीकडे व्यवस्थित चिकटून बसलेली आणि त्या एका जागी आत काही नसताना वर आलेली. अर्ध्या लिंबाएवढी. बोटाने दाबली तर आत जायची, बोट काढलं की पुन्हा वर. मी टाके मोजले. बरोबर होते. मला वाटलं, टीव्ही बघत केली, कुठेतरी हात सैल पडला. उसवली.

पुढच्या आठवड्यात परत केली. या वेळी टीव्ही बंद ठेवून. त्याच आठवड्यात मी त्याच सुईने, त्याच लोकरीने एका शाळेसाठी दोन काळ्या टोप्या केल्या होत्या, त्या गोल-गोमट्या झाल्या. काकाची पुन्हा फुगली. त्याच जागी, आणि आधीपेक्षा मोठी.

मला राग आला. भीती नाही हं, नुसता राग. हातातली कामं पडलेली आणि ही टोपी दोनदा बिघडते. मी ती घेऊन सुमेधामावशींकडे गेले. मावशींनी चष्मा लावला, खिडकीपाशी बसल्या आणि टाचणीच्या टोकाने एकेक फेरी मोजली. अर्धा तास. मी पंख्याखाली बसून त्यांच्याकडचा चिवडा खात होते.

"टाके बरोबर आहेत गं," त्या म्हणाल्या. "एकही जास्त नाही."

"मग फुगते कशी?"

"तेच बघतेय. सैल पण नाहीयेत. इथले टाके आणि इथले टाके सारखेच आहेत." त्यांनी टोपी उलटी केली, सुलटी केली, स्वतःच्या मुठीवर चढवली. "कुणासाठी आहे?"

"काकासाठी."

"त्यांच्या डोक्याला काही आहे का? टेंगूळ वगैरे?"

"नाही. आणि असलं तरी मी माप कुठे घेतलंय."

मावशींनी वाफ देऊन बघितली. गरम इस्त्री, वर ओला पंचा. लोकर सपाट झाली. टेबलावर ठेवली आणि आम्ही दोघी चहा प्यायलो. कप ठेवायला उठले तर ती जागा पुन्हा वर आलेली. मावशी म्हणाल्या, "लोकरीचा लॉट खराब असेल. दुसरी आण, आणि सुई पण बदल." त्यांनी ते सहज म्हटलं, पण टोपी माझ्या हातात देताना थोड्या लांबूनच दिली, हे मला नंतर आठवलं.

त्याच सुमारास काकाचा तिसरा फोन झाला. हे मला नीट लिहिलं पाहिजे, कारण याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

त्याने विचारलं टोपी कुठपर्यंत आली. मी म्हटलं, चालू आहे, तुझी टोपी फार त्रास देतेय. तो हसला. आवाज जरा जड येत होता, झोपेतून उठल्यासारखा. "वाक्यां इसारतंय गो मी," म्हणाला. "काल तालमीक बसलंय, तर मदीच सगळा कोरा."

"वय झालं आता. लिहून ठेव हातावर."

"डोक्या पण जरा जड वाटता."

आणि मी म्हटलं, "वेणी घातल्यावर अजून जड होईल. सवय कर."

दोघंही हसलो. मागून काकीचा आवाज आला, "तिला सांगा, हल्ली दिवसभर झोपता म्हणून." मी म्हटलं, थंडी आहे, झोपू दे त्याला. फोन ठेवला. समोर टेबलावर ती दुसरी टोपी पडली होती. उसवलेली निम्मी, आणि उरलेल्या निम्म्यात तो फुगवटा.

तिसरी टोपी मी नव्या लोकरीने आणि नव्या सुईने केली. मापसुद्धा अर्धा इंच कमी घेतलं. डिसेंबरचे शेवटचे दिवस होते. पुन्हा तेच. आता ती जागा लहान वाटीएवढी झाली होती, कानाच्या वरपासून मागपर्यंत. मी नवऱ्याला हाक मारली. तो इंजिनिअर आहे, त्याला म्हटलं बघ आणि कारण सांग. त्याने स्टीलची पट्टी लावून बघितली, म्हणाला, "तुझा हात एका बाजूला सैल पडत असेल."

"मग बाकीच्या टोप्यांना का नाही पडत?"

"हिचा तू कंटाळा करतेस म्हणून," तो म्हणाला. पेपर वाचायला निघून गेला.

ते खरं होतं, म्हणून मला लागलं. मी ठरवलं, आता उसवायची नाही. वरून केस येणार आहेत, त्यात लपेल. चार-पाच दिवसांत केस लावले. लोकरीचे लांब धागे कापून सुईने एकेक ओवायचे, मधे भांग सोडायचा, मागे तीन पेड घेऊन वेणी. वेणी कमरेच्याही खाली गेली असती. पांढरा गजरा केला, त्यात दोन अबोलीची फुलं घातली. सुंदर झाली होती. डावीकडचा फुगवटा केसांखाली थोडा झाकला, पण कळत होता. मी म्हटलं, काकाला सांगू, राणीचा खोपा आहे.

चौदा जानेवारीला संक्रांतीचा तिळगूळ आणि टोपी घेऊन जायचं ठरवलं होतं. तेरा तारखेला सकाळी काकीचा फोन आला.

काका सकाळी उठला तो उजवा हात उचलेना. काकीने विचारलं काय होतंय, तर काहीतरीच बोलायला लागला, शब्दाला शब्द लागेना. मग तेही बंद झालं. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेलं.

मी पोहोचले तोवर स्कॅन झाला होता. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. म्हणाले, कवटीच्या आत डाव्या बाजूला रक्त साकळलंय. एकदम झालेलं नाही, हळूहळू साठत गेलंय. म्हाताऱ्या माणसांत कधी कधी असं होतं. डोक्याला बारीकसा मार लागतो, त्या वेळी काही वाटत नाही, आणि मग पाच-सहा आठवडे आत थेंब-थेंब रक्त साठत राहतं. "मधल्या काळात डोकं जड वाटणं, झोप, विसरणं असं काही होतं का?"

काकी माझ्याकडे बघायला लागली. मी जमिनीकडे.

"कधी पडले होते का?"

पडला नव्हता. पण काकीला आठवलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी काका स्टुलावर चढून माळ्यावरची ट्रंक काढत होता. तीच, साडी आणि नथ असलेली. उतरताना माळ्याच्या फळीला डोकं आपटलं. डावीकडे. टेंगूळही आलं नव्हतं. त्याने हात फिरवला आणि "कायएक नाय" म्हणाला. आदल्या दिवशी शुक्रवारी मी त्याला फोनवर मस्तच होईल म्हटलं होतं.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन आठवडे आधी आलं असतं तर चित्र बरंच वेगळं असतं. ते कुणाला दोष देत नव्हते, माहिती देत होते.

तेव्हाही माझ्या डोक्यात टोपी आली नव्हती, हे सांगते. काहीही जोडलं गेलं नव्हतं. हॉस्पिटलच्या धावपळीत ती पिशवीत तशीच पडून होती.

दहा-बारा दिवसांनी काकाला वॉर्डात आणलं. तो जागा असायचा, माणसं ओळखायचा, पण बोलता येत नव्हतं. उजवा हात तसाच. डोक्याचं मुंडण केलेलं, डाव्या बाजूला ड्रेसिंगचा जाड गठ्ठा, त्यावर पट्टी. वॉर्डात गार लागायचं. सिस्टर काकीला म्हणाली, एखादी मऊ टोपी घाला, फक्त ड्रेसिंगवर दाब यायला नको. काकीने मला सांगितलं, "तू करतेस ना, आण एखादी."

मी माझ्याकडची एक साधी सुती टोपी घेतली. आणि का कोण जाणे, ती पिशवीही घेतली. वाटलं, निदान दाखवावी.

दुपारी भेटायची वेळ होती. सुती टोपी घालून बघितली, ती ड्रेसिंगवर चढेना. बाजूने ताणली जात होती. मी काढून ठेवली. तेवढ्यात काकाचं लक्ष पिशवीतून बाहेर आलेल्या वेणीकडे गेलं. त्याने डाव्या हाताने बोट दाखवलं. मी टोपी बाहेर काढली. तो बघतच राहिला.

"घालायची?" मी विचारलं. त्याने मान हलवली.

मी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, हळूच घाला, दाबली गेली तर लगेच काढा. मी आणि काकीने दोन्ही बाजूंनी धरून टोपी त्याच्या डोक्यावर उतरवली. कपाळापर्यंत आली. कानांवर आली. आणि डाव्या बाजूला, तो जो फुगवटा होता, तो ड्रेसिंगच्या गठ्ठ्यावर बरोब्बर बसला. पुढे नाही, मागे नाही. कुठे ताण नाही, कुठे सुरकुती नाही. जणू मी ड्रेसिंग केलेल्या डोक्याला टेप लावून एकेक टाका घातला होता.

सिस्टरने कडेने बोट फिरवून बघितलं. "अरे वा," म्हणाली, "ड्रेसिंगचं माप घेऊन केलीत वाटतं. छान केलंत."

 मी तिथेच स्टुलावर बसले. डिसेंबरमधल्या तिन्ही टोप्या आठवल्या. अर्ध्या लिंबाएवढी, मग त्याहून मोठी, मग वाटीएवढी. डाव्या बाजूला. कानाच्या वर. आत थेंब-थेंब साठत होतं तेव्हा...

काकाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने डाव्या हाताने वेणी चाचपली, ती पाठीमागून ओढून खांद्यावरून पुढे घेतली. मग मान किंचित तिरकी केली, पापण्या खाली झुकवल्या, आणि वेणीचं टोक दोन बोटांत धरलं. एवढंच. पण पलंगावर शहात्तर वर्षांचा आजारी माणूस दिसेना, राणीच दिसली. समोरच्या पेशंटची सून चहा ओतत होती, तिचा हात थांबला. काकीने तोंडाला पदर लावला. काकाचे ओठ हलत होते, वाक्य म्हणत असावा, आवाज येत नव्हता.

सव्वीस जानेवारीला बिल्डिंगची पूजा झाली. प्रवेश झाला नाही.

काका त्यानंतर घरी आला, पण बोलला नाही. मार्चमध्ये छातीत कफ झाला आणि चार दिवसांत गेला.

मी नंतर खूप शोधलं. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले योगायोग, आणि मन मागाहून गोष्टी जुळवतं. शक्य आहे. पण मावशींनी टाके मोजले होते, नवऱ्याने पट्टी लावली होती, ते तर मागाहून नव्हतं. जून महिन्यात मी टाके लिहून ठेवते त्या वहीतला तोच हिशेब काढून, तीच लोकर, तीच सुई घेऊन परत एक टोपी केली. साधी, गोल आली. मावशी म्हणाल्या, आता हा विषय सोड. त्या अजूनही माझ्या इतर टोप्या हातात घेऊन बघतात, पण त्या टोपीबद्दल बोलत नाहीत.

काकीला मी सगळं सांगितलं ते काकाच्या तेराव्यानंतर. भांडी आवरून झाल्यावर आम्ही दोघीच होतो. काकी लालबागची, रोखठोक बोलणारी बाई. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे गं, टोपी वाकडी आली म्हणून कोण डॉक्टरकडे जातं. मी त्याच वाक्याची वाट बघत होते, खरं तर.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तीन वेळा केलीस?"

"हो."

"आणि दोनदा उसवलीस."

"हो."

"एकदा तरी यायचं होतंस गं. रोज विचारायचा."

रागाने नाही म्हणाली. मग उठली, चहा टाकला, माझ्या चहात कमी साखर घातली, मला लागते तशी. त्यानंतर तिने हा विषय कधी काढलेला नाही. मी आता दर रविवारी तिच्याकडे जाते.

मी गेले असते तर टेप लावताना माझी बोटं त्याच्या डोक्यावरून फिरली असती. तो म्हणाला असता, हय जरा दुखता. मी विचारलं असतं कधीपासून. झोपेबद्दल, विसरण्याबद्दल काकी तिथेच सगळं बोलली असती. याला कसलाही चमत्कार लागला नसता.

ती टोपी तशी का येत होती, हे मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन. मी मापाला का गेले नाही हे मात्र मला माहीत आहे, आणि त्याला फार शब्द लागत नाहीत. थोडी लाज वाटली. आणि कंटाळा केला.